सरदारांच्या स्वागताचा कर्णा

आमच्या खाडीत माझ्याइतकी संगीताची जाण कुणालाच नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. त्यामुळे सरदार आमच्या घरी येणार असं ठरलं, तेव्हा स्वागताला वाजवणार मीच, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं.

सरदार येत होते ते निवाडा करायला. शेजारच्या ग्रिमची तक्रार होती, की त्याच्या गाई संध्याकाळी रिकाम्या आचळांनी घरी येतात आणि त्यांचं दूध आमच्या घरात जातं. हे खरं ठरलं, तर डोंगरावरचं आमचं कुरण ग्रिमला मिळणार होतं. माझी बायको रान्वेग असलं काही करेल? छे! आमच्या चार हडकुळ्या गाईंच्या दुधातून ती पिंपभर लोणी काढते. हाताला गुण लागतो!

आता, सरदार जातील तिथे लोक तारा छेडत त्यांची स्तुती गातात, आणि सरदार झोपतात. म्हटलं, आपण त्यांना जागं ठेवू. घरात रान्वेगचा कर्णा होताच. पुरुषभर लांब, बर्चच्या सालीत गुंडाळलेला.

"अगं, कर्णा दे तुझा. सरदारांच्या स्वागताला वाजवतो."

ताक घुसळता घुसळता ती थबकली. "वाजवणार काय?"

"तू रोज संध्याकाळी गाईंसाठी वाजवतेस तेच. मला दोनच चाली येतात. दुसरी शत्रू आल्याची! ती वाजवली तर सरदार तलवार उपसतील."

"उपसू देत! तीच वाजवा!"

"वेड लागलं का तुला?"

"मग गा! हवं तर कुत्र्यासारखे विव्हळा, पण माझी चाल वाजवायची नाही!"

कलावंतांना आपल्या कलेचा फार गर्व असतो बुवा! ती बिअर आणायला आत गेली आणि मी कर्णा उचलून धक्क्यावर पळालो.

सरदारांची नाव लागली. ग्रिमही तिथे येऊन उभा होता. मी छाती फुगवून फुंकलं. फर्रर्र! सरदारांनी नाक दाबलं. पण दुसऱ्या दमात सूर लागला, आणि काय लागला! डोंगर घुमला. उतारावरून आमच्या चारही गाई धावत आल्या.

"वा, हाल्वार!" सरदार खूश झाले. "तुझ्या गाईसुद्धा स्वागताला!"

झालं! मला चेव आला. मी डोळे मिटून असा फुंकला, की पायाखालची जमीन हादरायला लागली. डोळे उघडले, तर रानातून आणखी गाई! दहा, बारा, वीस! एक सरदारांच्या अंगरख्यावर पाय देऊन गेली. सगळ्या थेट धक्क्याला लागूनच असलेल्या आमच्या परसात शिरल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. एकीने तर पायाने बादली पुढे ओढली!

"माझ्या आहेत त्या!" ग्रिम किंचाळला. "सगळ्या माझ्या!"

"संगीताच्या ओढीने आल्या असतील," मी म्हणालो. "मुक्या जनावरालाही सूर कळतो, सरदार!"

"मग ऐकायला बादलीपाशी कशाला उभ्या आहेत?" सरदारांनी विचारलं.

तेवढ्यात रान्वेग बिअर घेऊन बाहेर आली. तिला बघताच सगळ्या एका सुरात हंबरल्या.

"सांगत होते ना," ती माझ्यावर डाफरली, "शत्रू आल्याचं वाजवा म्हणून!"

कुरण गेलं. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू?

पण माझी कला वाया गेली नाही हं! ग्रिमच्या गाई आता ग्रिमच्या हाकेला ढिम्म हलत नाहीत, त्यांना कर्णाच लागतो. रान्वेगने साफ नकार दिला. त्यामुळे रोज संध्याकाळी मलाच त्याच्या गोठ्यासमोर उभं राहून वाजवावं लागतं. श्रोत्यांची गर्दी असते, शेपट्या हलवून दाद मिळते. परवा मी भीत भीत बिदागीचा विषय काढला.

"बिदागी?" ग्रिम म्हणाला. "ती तुझी बायको आधीच घेऊन गेली की, बादल्या भरभरून!"