दगड क्रमांक एक

आप्पा तोडणकरांच्या चौदाव्या अर्जाला पुरातत्त्व खात्याचे उत्तर आले, तेव्हा ते परसातल्या मोरीवर पाय धूत होते. पत्र भिजू नये म्हणून त्यांनी हात उंच धरला आणि एका पायावर उभे राहूनच ते तीनदा वाचले.

"गुरुवारी बाई येतायत! गोदीची पाहणी!"

"आधी दुसरा पाय धुवा," धुण्याच्या दगडावर चादर आपटत येसूबाई म्हणाल्या. "एवढं लिहिलंत, आता तुमचं नाव कोरणार असतील कुठंतरी."

"माझ्या नावाचा प्रश्नच उद्भवत नाही," आप्पा म्हणाले. वस्तुतः तो प्रश्न त्यांच्या मनात गेली अकरा वर्षे उद्भवत होता.

माडबंदरच्या खाडीतोंडावर जुन्या आरमाराची गोदी होती. जिथे एके काळी गलबते दुरुस्तीला ओढून घेत, तिथे आता जांभ्या चिऱ्यांचे जेमतेम तीन थर उरले होते, आणि पर्यटकांच्या गाड्या लावण्यासाठी तो खळगा भरून काढण्याचा ठराव तयार होता. पत्रात स्वच्छ लिहिले होते की, मूळ बांधकामाचे पुरेसे दगड आढळले तरच संवर्धनाचा विचार होईल. एरवी प्रकरण निकाली काढण्यात येईल. आप्पा निवृत्त हेडक्लार्क होते. 'निकाली' या शब्दाचे वजन त्यांना ठाऊक होते. नोकरीत तो त्यांनी पुष्कळांच्या डोक्यावर ठेवला होता.

उरलेला एकही चिरा आता हलता कामा नये, या विचाराने त्यांनी त्याच दुपारी एक फलक रंगवून नाक्यावर लावला: 'गोदीचे दगड नेणाऱ्यांवर कठोर कारवाई होईल. कोणाचीही गय केली जाणार नाही.'

फलकापुढे प्रथम उभा राहिला रशीद तांडेल. उभे आयुष्य त्याने जहाजांवर काढले होते, आणि आप्पांशी वाद घालण्याची हिंमत असलेला तो गावातला एकमेव पुरुष होता.

"काय हो आप्पा, आजानं नेलेला आसंल तर? त्याला कबरीतनं उठवनार काय?"

"चोरी ती चोरीच, रशीद. ज्याच्या घरात माल, तो जबाबदार."

"आस्सं," म्हणून रशीद कधी नव्हे तो वाद न घालता निघून गेला. आपल्या युक्तिवादाचा विजय झाला, असे आप्पांना वाटले.

बुधवारी गावाला स्वच्छतेचा झटका आला. धाकूने आपली पायरी शेणाने इतकी जाड सारवली की, दार अर्धेच उघडू लागले. रशीदच्या दारात, जिथे बसून तो जाळी विणी, तिथे जाळ्यांचा डोंगर उभा राहिला. महिपतच्या घरची तुळस रातोरात गोणपाटात गुंडाळली गेली. "तिला ऊन बादतां," असे त्याने वर्षानुवर्षे भर उन्हात उभ्या असलेल्या तुळशीबद्दल सांगितले. गाव पाहुणीसाठी नटते आहे, हे पाहून आप्पांचा ऊर भरून आला.

गुरुवारी नम्रता शिर्के नावाच्या तरुण अधिकारी बाई टेप घेऊन गोदीत उतरल्या. त्यांनी तासभर मोजमाप केले आणि भोवती जमलेल्या गावाकडे पाहिले.

"दगड फारच थोडे आहेत. गावात कुठे वापरले गेलेत का?"

"नाय बा!" साऱ्या गावाने एका आवाजात सांगितले. निवडणुकीतही अशी एकी आप्पांनी पाहिली नव्हती.

"मग मला 'अवशेष नष्ट' असं लिहावं लागेल. वाईट वाटतं, काका."

आप्पांच्या तोंडचे पाणी पळाले. कसेबसे त्यांनी बाईंना चहाला घरी नेले. गावही, गंभीर चेहऱ्याने, कुंपणापर्यंत मागोमाग आले. बाई चिखलाचे पाय धुवायला परसात गेल्या, आणि थोड्या वेळाने तिकडून टेप ओढल्याचा आवाज आला.

"काका, हा दगड कुठला?"

"धुण्याचा. आजोबांनी बसवलेला. साबणाचं पाणी जायला त्यांनी मुद्दाम भोकसुद्धा पाडलंय."

"हे भोक गलबताचा दोर ओवायचं आहे. आतून दोराने झिजलंय, बघा. गोदीत याच्या जोडीचा एक दगड मी आत्ताच मोजून आले."

कुंपणावरून रशीद खाकरला. "आप्पा, ज्याच्या घरात माल, तो काय म्हनालेलात?"

आप्पांनी येसूबाईंकडे पाहिले. "तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले तेव्हाच सासूबाईंनी सांगितलं होतं. तुम्ही अर्ज सगळ्यांना केलात, मला कधी विचारलंत?"

आप्पांनी खिशातून पेन काढले, चष्मा पुसला आणि अधिकारी बाईंपुढे ताठ उभे राहून म्हणाले, "लिहून घ्या. आरोपी पहिला, आप्पा तोडणकर. गुन्हा कबूल. दगड आजच परत. फलकात माफीची तरतूद नाही, ती चूक माझी."

रशीद कुंपण ओलांडून आत आला. "दुसरा मी. माझ्याकडं दोन हायेत."

"माज्याकडं तीन!" धाकू ओरडला. "माजा आजा तुमच्यापेक्षा जोरदार व्हता!"

मग चोरांची रांग लागली. सारवण खरवडले, जाळी उपसली, गोणपाट सुटले. महिपतने तुळस मानाने पाटावर हलवली आणि तिच्याखालचे पाच चिरे काढून दिले. मशिदीच्या हौदाची पायरी आली, देवळाच्या दीपमाळेचा टेकू आला. संध्याकाळपर्यंत हातगाड्यांवरून एकशे त्रेचाळीस दगड गोदीत पोहोचले. 'लोकसहभाग' या रकान्यापाशी बाईंचे पेन थांबले. "एवढे आरोपी आपणहून हजर झालेले मी प्रथमच पाहते," त्या हसून म्हणाल्या आणि पुरवणी कागद मागून घेतला.

गाड्यांचा ठराव बारगळला. वर्षभरात पश्चिमेची भिंत कमरेइतकी उभी राहिली. येसूबाईंना सिमेंटचा धुण्याचा दगड मिळाला. त्यावर साबण टिकत नाही, हे त्या रोज सांगतात. गोदीच्या तोंडाशी खात्याने माहितीचा पाटीवजा दगड बसवला, त्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या पुढे होते. चौदा अर्जांचा त्यावर उल्लेख नव्हता. पण नाव होते, आणि तेही कोरलेले:

'दगड क्रमांक एक. दोर बांधण्याचा. सापडल्याचे ठिकाण: आप्पा तोडणकर यांची मोरी.'

आप्पांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. पंधरावा अर्ज मनात जुळूही लागला होता. इतक्यात पावस गावाहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलीने विचारले, "आजोबा, हे आप्पा तोडणकर कोण?"

आप्पांनी पेन खिशात परत सारले आणि सदरा नीट केला.

"गोदीचा पहिला चोर," ते म्हणाले. "बस इथं, सगळं सविस्तर सांगतो."