वानरांसाठी बसवलेली कडी

गच्चीचं दार पाठीमागे खाडकन बंद झालं आणि आतून कडी पडल्याचा आवाज आला, तेव्हा श्रीशैलअण्णांना सगळ्यात आधी समाधान वाटलं. काय बसलीय कडी! चारच दिवसांपूर्वी त्यांनी ती स्वतःच्या हातानं बसवली होती. दार लोटलं की स्प्रिंगच्या जोरावर आपोआप पडणारी, आणि उघडायची तर फक्त आतून. राजेश्वर गावात वानरांचा उच्छाद फार. गेल्या महिन्यात एक हुप्प्या गच्चीवरून जिन्यानं थेट स्वयंपाकघरात उतरला होता आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन गेला होता. झाकण तेवढं ठेवून गेला. त्यामुळे ही कडी बसवताना अण्णांनी वानराचा सर्व बाजूंनी विचार केला होता. माणसाचा राहून गेला.

समाधान पाव मिनिट टिकलं.

दाराला अडसर म्हणून एक वीट असायची. पण टाकीत नीट वाकून बघायला उंची कमी पडली, म्हणून अण्णांनीच ती वीट पायाखाली घेतली होती.

हे सगळं सुरू झालं श्रावणात. खत-बियाणांच्या दुकानात बसून बसून बावन्नाव्या वर्षी अण्णांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "आता सगळं तुमच्याच हातात आहे." डॉक्टरांचा रोख जिलबीकडे होता; अण्णांनी 'सगळं' धरलं. पहाटे उठून पाच किलोमीटर चालू लागले. साखर उतरली. मग शेहेचाळीस हत्यारांची पेटी आणली. मिक्सर उघडला, मिटवला आणि तो चाललासुद्धा. इस्त्री झाली, नळ झाले. शेवटी एके दिवशी भर हॉटेलात त्यांनी गावच्या हणमंतप्पा मिस्त्रीला सांगून टाकलं, "हणमंतप्पा, आता तू आमच्या घराची वाट इसरलास तरी चालतंय बघ. पाना घिऊन तर येऊच नको."

"बरं अण्णा," हणमंतप्पा चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "न्हाई आनत."

आणि आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. या दिवशी आख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, त्यात पाच पांडव म्हणून दगड मांडून पूजा करायची, मग भज्जी, उंडे, आंबील यांवर ताव मारायचा आणि वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. घरी राहतो तो एक तर आजारी असतो, नाहीतर भांडलेला. सकाळी नऊला मल्लेश्वरीअक्का आंबिलीचं मडकं टेम्पोत चढवता चढवता म्हणाल्या होत्या, "अवो, आज तरी ऱ्हाऊ द्या की ती टाकी. खजुरी गावचे पावणे येयलालेत."

"दहा मिन्टाचं काम हाय. बॉल बदलतो अन् येतो तुज्या मागंमाग."

"पूजा तुमालाच करायची हाय. तुमी आल्याबिगर पावण्यांच्या ताटात उंडा पडायचा न्हाई. पोरगी पसंत हाय त्यांना, आता बाप कसा हाय ते बगायलेत."

"अगं, माजं काम कवा आडलंय का?"

आणि खरंच अडलं नव्हतं. टाकी भरली की पाणी अडवणारा तो बॉल नऊ मिनिटांत बसला होता. आता प्रश्न फक्त खाली उतरण्याचा होता.

अण्णा गडबडले नाहीत. शेजारी पेटी होती, पेटीत शेहेचाळीस हत्यारं होती. पण ती लावायला दाराच्या बाहेरून एक स्क्रू दिसेना. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून सगळे स्क्रू त्यांनी आतल्या बाजूनंच मारले होते. दाराच्या पत्र्याच्या फटीत मोठा पेचकस घालून जोर दिला, तर हत्यारं पंचेचाळीस झाली. फोन खाली चार्जिंगला होता आणि मधूनमधून वाजत होता. कठड्यावरून त्यांनी शेजारच्या नरहरराव मास्तरांना हाका मारल्या. मास्तर कुणाच्या तरी रानात जेवायला गेले होते. गल्लीतलं कुत्रंसुद्धा ट्रॅक्टरमागे गेलं होतं.

घरामागे ओढा आणि ओढ्यापलीकडे एक हिरवंगार रान. तिथं कोपीसमोर दहा-बारा माणसं दिसली. ट्रॅक्टरवर गाणी लागली होती, त्यामुळे हाक पोचण्यासारखी नव्हती. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून जोरात हलवला.

पलीकडून एकानं लाल मफलर हलवला आणि हातानं घास तोंडात घातल्याची खूण केली. या, जेवायला या.

अण्णांनी मान हलवली आणि दोन्ही हातांनी बोलावलं. इकडे या.

पलीकडच्यानं छातीला हात लावला. छे छे, तुम्हीच या.

अण्णांनी आणखी जोरात बोलावलं. त्यानंही आणखी जोरात. असा पाच मिनिटं आग्रह चालला आणि तेवढ्यात अण्णांनी मफलर ओळखला. हणमंतप्पा! अण्णांचे हात हवेतल्या हवेत जुळले, त्यांनी छानसा नमस्कार केला आणि ते टाकीमागे सावलीत जाऊन बसले.

साडेबारा वाजले. खाली फोन सातव्यांदा वाजला. रानात पाहुणे रिकाम्या ताटाकडे बघत असतील, मल्लेश्वरी रस्त्याकडे. अण्णा उठले आणि ओढ्याकडे तोंड करून, जत्रेत हरवल्यासारखे दोन्ही हात वर करून नाचू लागले.

वीस मिनिटांत जिन्यात पावलं वाजली. कडी उघडली. हणमंतप्पा एका हातात आंबिलीचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भज्जीचं ताट घेऊन बाहेर आला.

"अण्णा, येळवसंला एकलेच घरी? मी म्हनलं तब्येत बिगडली की काय, म्हनून हितंच घिऊन आलो."

"हणमंतप्पा, आदी ते दार—"

हणमंतप्पा चांगल्या वळणाचा माणूस. ज्या दारानं येतो ते उघडं टाकत नाही. त्यानं टाचेनं लोटलं.

खाड!

"लावलं की," हणमंतप्पा म्हणाला.

परिस्थिती कळायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं ताट ठेवलं, दार ठोकलं, हलवलं, कान लावला.

"पाना आनलास का?" अण्णांनी हळूच विचारलं.

"तुमीच म्हनलाव की आनू नको म्हनून."

मग हणमंतप्पानं दारावरून हात फिरवला. "कुनी बसवली कडी?"

"मी."

"तेच म्हनलं. आमी बसवली असती तर आतापातूर निसटली असती."

एवढ्यात खाली गाडी थांबली. अण्णांनी वाकून बघितलं. मल्लेश्वरीअक्का धावत घरात शिरल्या आणि त्यांच्यामागे पांढरा फेटा बांधलेले खजुरीचे रेवणसिद्धप्पा, म्हणजे होणारे व्याही. स्वतः बसवलेल्या कडीत स्वतः अडकलेल्या माणसाच्या घरची मुलगी कोण मागेल?

कडी उघडली. अक्कांनी आधी उंबऱ्यात पाय रोवला, मगच नवऱ्याकडे बघितलं. "सात फोन केले! मला वाटलं, साकर वाडून पडलाव का काय!"

रेवणसिद्धप्पा मात्र अण्णांकडे बघतच नव्हते. ते कडी वरखाली करून बघत होते. "ही कुनी बसवली?"

अण्णांनी शेजारी बोट दाखवलं. "हणमंतप्पानं," ते म्हणाले. "आमच्याकडं हेच करतेत सगळं."

हणमंतप्पानं अण्णांकडे बघितलं, मग आंबिलीकडे. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"वा रे मिस्त्री!" रेवणसिद्धप्पा म्हणाले. "पन्नास वर्षं झाली, असलं हुशार काम बगितलं न्हवतं. आमच्या खजुरीत वानरांनी जीव नको केलाय. एक मिस्त्री धड न्हाई. ज्यानं ही डोक्यातून काडली, त्याच्या हाताला सोन्याचं कडं घालावं." मग खाली उतरता उतरता म्हणाले, "सोयरीक पक्की, पर एका अटीवर. बैठकीला येताना ह्या मिस्त्रीला घिऊन यायचं. आमच्या तिनी गच्च्यांना असलीच कडी पायजे."

अण्णांनी मान डोलावली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम डोळ्यांदेखत परक्याच्या नावावर गेलं होतं, आणि तेही त्यांनीच घातलं होतं.

पाहुणे खाली गेल्यावर हणमंतप्पानं तांब्या उचलला आणि अण्णांच्या कानाशी आला.

"अण्णा, ती स्प्रिंग कशी घातलाव तेवडं दाखवाल का? न्हाईतर तुमीच चला संगं. मी म्हनतो, आमचा हाताखालचा गडी हाय."

"चलतेत की," अक्काच म्हणाल्या आणि मोडका पेचकस पेटीत टाकून टाकीजवळची वीट दारात आणून ठेवली. "मात्र पाना तुमी आना, हणमंतप्पा. यांची पेटी पंचेचाळीसची झालीय."