अग्निबेटाची स्वारी व अनारशांचा डबा

श्री. जो पर्वतांच्या पोटी अग्नी ठेवितो आणि माणसांच्या पोटी न बोललेल्या गोष्टी ठेवितो, त्यास नमन करोन हे वर्तमान लिहिले ऐसे. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरी, अधिक ज्येष्ठमासी, राजश्री वामनराव व त्यांचे कुटुंब सुहासिनीबाई यांची स्वारी विमानात बसोन समुद्रापार अग्निबेटाकडे चालिली असता पहिला शब्द जो कानी आला तो हा की, "पायाशी काय ठेवलंयस हे? मी पाय काय डोक्यावर घेऊन बसू?" बाई बोलिल्या, "राहू द्या ना. नाजूक आहे." "आहे काय पण?" "खायचं आहे." "मग वर टाक." "वर टाकलं तर चुरा होईल." तेव्हा रावांनी गुडघे तिरके केले, बाईंनी आपली उशी त्यांस दिली आणि तह जाहला.

पायाशी ठेविलेल्या त्या डब्यात अनारसे होते. अधिक महिना आला म्हणजे जावयास तीस-तीन अनारशांचे वाण द्यावे, हा या राज्याचा जुना शिरस्ता. अडचण इतकीच की राज्यास जावई नव्हता. म्हणजे होता, परंतु आहे ऐसे कोणी बोलिले नव्हते. कन्या शाल्मली दोन वर्षांपासोन अग्निबेटावर डोंगराच्या पोटातले हादरे मोजण्याच्या चाकरीस होती आणि गेल्या मार्गशीर्षात शेजारणीच्या भाच्याने फोनवर एक चित्र आणोन दाखविले, त्यात शाल्मली आईची हिरवी साडी नेसोन उभी, जी तिने "ऑफिसच्या समारंभाला हवी" म्हणोन नेली होती, आणि गळ्यात फुलांचा हार, आणि शेजारी एक उंच तरुण, त्याच्याही गळ्यात तसाच हार. वामनरावांनी चष्मा लावून पाहिले, चष्मा काढिला आणि बोलिले, "फोटो हललाय." मग विषय मिटला. कारण राज्याचा दंडकच ऐसा की, कोणतीही गोष्ट वामनरावांच्या मुखातून निघेतोवर ती घडली ऐसे मानू नये. मागे फ्रिज निवर्तला तेव्हाही राव "बंद पडला" म्हणेनात, म्हणोन बाई आठवडाभर त्यातच दूध ठेवीत गेल्या आणि नासलेल्या दुधाचे पनीर करीत गेल्या. परंतु फ्रिज निराळा आणि लेक निराळी. लेकीचे फोन आखूड होत चालिले होते, "जेवलात? बरं. ठेवते हं." बाईंस धास्ती पडली की या खेपेस कोंडी फुटली नाही तर फोन आखूड होत होत एके दिवशी येणारच नाही. म्हणोन तांदूळ भिजविले, गूळ मिसळिला, तुपात एकेक अनारसा सोडिला. वाण हाती ठेविले की न बोलता सारे बोलणे होईल, दंडकही मोडणार नाही, ऐसी बाईंची मसलत.

स्वारी बेटावर उतरली. शाल्मली सामोरी आली, गळ्यात पडली, आणि तिच्यामागे चित्रातला तो उंच तरुण हात जोडोन उभा. "हा मातेव," शाल्मली बोलिली, आणि पुढचा शब्द गिळोन, "हा आपल्याला फिरवणार आहे." मातेव बोलिला, "नमस्ते काका. प्रवास बरा?" त्यावर वामनराव त्याच्या हाती दोन्ही बॅगा देत बोलिले, "अरे वा! ड्रायव्हर मराठी बोलतो. चांगला मिळाला हो तुला." शाल्मलीने आईकडे पाहिले, आईने डब्याकडे पाहिले, आणि स्वारी मुक्कामी निघाली. लेकीच्या घरी पलंगाखालोन एक थोराड पुरुषी चप्पल डोकावत होती. बाईंनी ती पायाने हळूच आत सारिली. आणि मातेव जेवणे होताच "आईकडे जातो" म्हणोन रोज निघोन जात असे, आणि राव म्हणत, "वेळेचा पक्का आहे."

मग शहर पाहिले. पांढरी घरे, निळी दारे, उताराचे बोळ, आणि बाजारात जो तो मातेवास हाक मारी, मग राव व बाईंचे हात धरोन बराच वेळ हलवी. एका केळी विकणाऱ्या म्हातारीने तर बाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, शाल्मलीकडे बोट दाखविले आणि डोळे पुसत काही लांबलचक बोलिली. राव म्हणाले, "काय म्हणतेय?" शाल्मली बोलिली, "केळी स्वस्त आहेत म्हणतेय." मातेवाचे कान लाल जाहले. राव बोलिले, "केळ्यांसाठी रडतात म्हणजे फारच भाव पडलेला दिसतो." बेटावरील अवघ्या रयतेस जे ठाऊक होते ते चौघांसही ठाऊक होते, आणि चौघेही केळी खात पुढे चालिले.

दुसरे दिवशी डोंगराची चढाई. हा डोंगर पूर्वी फुटोन त्याचा रस गावापर्यंत वाहिला होता आणि थिजोन काळा दगड जाहला होता. बाईंनी वाकोन पाहिले तो दगडास बारीक बारीक छिद्रे, जणू अनारशाची जाळी. त्यांस हा शकुन वाटला. माथ्यावर, धुराच्या काठी, वाण द्यावयाचे ऐसे त्यांनी मनी धरिले होते आणि डबा पिशवीत घालोन मातेवाच्याच खांद्यास दिला होता. परंतु अर्ध्या वाटेत वामनराव एका काळ्या खडकावर बसले. "भूक लागली. काय आहे?" बिस्किटे गाडीत राहिली होती. "त्या पिशवीत काय आहे?" रावांनी स्वहस्ते डबा काढिला, झाकण उघडिले आणि पाहत राहिले. महिना कोणता, पदार्थ कोणता, हे त्यांस कळत होते. त्यांचे सासऱ्यांनी त्यांसही असाच डबा दिला होता. शाल्मली बोलिली, "बाबा, ते..." "उत्तम झालेत," ऐसे बोलोन रावांनी एक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग वाटेने एक परमुलखीचे जोडपे घामाघूम येत होते त्यांस दिले, त्यांच्यामागोन शाळेची सहल आली त्या पोरांस दिले, आणि शेवटला मातेवापुढे धरोन बोलिले, "घ्या, ड्रायव्हरसाहेब, तुम्हीही घ्या." जावयाचे वाण सासऱ्याने खाल्ले आणि जगास वाटिले, ऐसा प्रकार पूर्वी ऐकिला नाही. शाल्मली पाठ फिरवोन समुद्राकडे पाहत उभी राहिली. बाईंनी रिकामा डबा पदराने पुसला आणि पिशवीत ठेविला.

माथा कोणासही फारसा दिसला नाही. उतरताना रावांचा पाय सुटला, तोच मातेवाने कोपरास धरोन सावरिले. "सावकाश, काका." रावांनी कोपर सोडविले नाही. वाट सपाट जाहली तरी सोडविले नाही, आणि गाडीपाशी पोचल्यावर "फार घसरण आहे इथे" ऐसे कोणी न विचारिता बोलिले. बाईंनी ते पाहिले, आणि त्यांच्या ध्यानी आले की हे पाषाण नव्हेत. यांस लागले आहे, आणि कोठे लागले ते दाखविता येत नाही.

अखेरचे दिवशी काळ्या वाळूच्या किनारी सारे बसले. ऊन कलते होते, लाटा संथ होत्या, वाळू चुलीवरोन उतरविलेल्या तव्यासारखी ऊन लागत होती. दुसरे दिवशी परतीचे विमान. शाल्मली थर्मासातला चहा ओतीत होती, कोणी काही विचारीत नव्हते, आणि बाईंच्या मनात फोनवरचे "बरं, ठेवते हं" आतापासोनच वाजू लागले होते. तेव्हा वामनरावांनी घसा साफ केला. "मुलगा चांगला आहे हा," ते बोलिले, आणि बाई पुढे सरकोन बसल्या. "गाडी जपून चालवतो. याला काहीतरी बक्षीस द्यायला हवं." आणि खिशातोन पाकीट काढिले. मातेव हसला. शाल्मलीचा पेला हातातच राहिला. बाईंचा डबा आता रिकामा होता, वाण नव्हते, हाती ठेवावे ऐसे काहीच उरले नव्हते. होते ते तोंड, आणि ते त्यांनी उघडिले. पाकिटावर हात ठेवोन बोलिल्या, "आत ठेवा ते. आपल्या शाल्मलीचं लग्न झालंय. हा तिचा नवरा आहे. आणि आपल्याला बोलावलं नाही म्हणून तुम्हाला फार लागलंय. मलाही लागलंय."

मातेवाचे मराठी पाठ केलेल्या चार वाक्यांपुरते, त्यास त्यातला एकच शब्द कळला, "नवरा". तो वाळूतोन उठोन उभा राहिला.

इति अग्निबेटाची स्वारी. डोंगर साऱ्या मुक्कामात निजलेलाच होता. दंडक मोडला तो काळ्या वाळूवर, चहा निवण्यापूर्वी, बाईंच्या हातोन मोडला; आणि वामनराव पाकीट मिटोन, खिशात घालोन, "बस रे, उभा का?" ऐसे बोलिले, इतके वर्तमान.