देवीकाकांच्या पिल्लाला टोचलं तेव्हा

रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला, की तुम्ही-आम्ही त्याच्या तोंडाकडे बघतो. देवीकाका दंडाकडे बघत. "बाही वर कर," म्हणत, आणि समोरचा का म्हणून विचारेपर्यंत स्वतःच ती वर सारत. मग दंडावरचे देवीचे वण बोटानं चाचपून समाधानानं सांगत, "चारही उठलेत. माझंच काम. लालबागचा ना तू?" एकदा तर भर मांडवात, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात असताना, त्यांनी नवऱ्या मुलाची रेशमी बाही वर केली. मुलीकडचे देशावरचे होते. त्यांना वाटलं, ही कोकणातली एखादी रीत असेल.

त्यांचं खरं नाव विठ्ठल सामंत. तीस वर्षं त्यांनी म्युनिसिपालिटीत देवी टोचायची नोकरी केली, म्हणून परळच्या आमच्या चाळीत ते देवीकाका. गॅलरीच्या टोकाला त्यांची एक खोली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खाकी कोट आणि हातात पत्र्याची पेटी, अशी त्यांची स्वारी दिसली की गल्लीतली पोरं पांगत. पळण्यात मी सगळ्यांचा म्होरक्या. एकदा मी तांदळाच्या पिंपात जाऊन बसलो. आई तांदूळ काढायला आली आणि तिचा हात माझ्या डोक्याला लागला, तेव्हा ती केवढ्यानं तरी किंचाळली. काकांनी मला पिंपातच उभा केला, दंड धरला, "हात सैल सोड, मेल्या!" म्हणाले आणि काम उरकलं. आठव्या दिवशी "उठली का?" विचारत पुन्हा हजर. नसेल उठली तर पुन्हा टोचणं. त्यामुळे एका टोचण्यात दोनदा पळावं लागे.

मी सांगतोय तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. मी तिशीला टेकलो होतो. दिवसा फोर्टात कारकुनी आणि संध्याकाळी मोर्चा. माझा आवाज मोठा. "घाला गोळ्या, ही छाती पुढे केलीय!" असं मी सदऱ्याची दोन बटणं सोडून ओरडत असे. पुढे जे होते त्यांनी खरोखरच गोळ्या झेलल्या. मी सातव्या-आठव्या रांगेत असे, हे इथंच कबूल केलेलं बरं.

अशाच एका मोर्च्याच्या मागून कुत्र्याचं एक तांबडं पिल्लू आमच्या चाळीपर्यंत आलं. माणसं पांगली, पिल्लू काकांच्या दारात बसलं. काकांनी बशीत दूध दिलं. दोन दिवसांत ते काकांच्या धोतराचा सोगा तोंडात धरून गॅलरीभर हिंडू लागलं. पोरांनी त्याचं नाव मोर्च्या ठेवलं. जमावबंदीच्या त्या दिवसांत काका वरून "मोर्च्या, वर ये रे!" अशी हाक मारत आणि नाक्यावरचा हवालदार दचकून इकडेतिकडे बघे.

चाळीनं मात्र एक अट घातली. कुत्रं ठेवायचं तर टोचून आणा, उद्या पिसाळलं तर कोण निस्तरणार? देवीकाकांना असं फर्मावताना चाळीला झालेला आनंद लपत नव्हता.

शुक्रवारी काका माझ्या दारात आले. "बाळ्या, उद्या तुझी अर्धी कचेरी. पिल्लाला जनावरांच्या इस्पितळात न्यायचंय. धरायला तू."

"मी कशाला? तुम्ही एवढी वर्षं हेच केलंत ना?"

"म्हणूनच सांगतोय. टोचताना जो हात दिसतो, तो पोर विसरत नाही. पुन्हा म्हणून त्या हाताकडे येत नाही. मी फाटकाबाहेर थांबतो. त्याला मी दिसता कामा नये."

"आणि मग ते माझ्याकडे यायचं नाही, त्याचं काय?"

"तुझ्याकडे आता तरी कुठे येतं?"

हे खरंच होतं. मी निमूट तयार झालो.

शनिवारी दुपारी इस्पितळात आमच्यापुढे एक व्हिक्टोरिया गाडीचा घोडा आणि एक म्हातारी शेळी होती. दोघांनीही सुई शांतपणे घेतली. आमची पाळी आली. टेबलावर पिल्लू शेपूट हलवत तरुण डॉक्टरांचा हात चाटत होतं. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं, तोंडानं "घाबरायचं नाही हं" म्हटलं आणि डॉक्टरांनी काचेची पिचकारी उचलली. सुई मला दिसली. पुढचं मला लोकांनी सांगितलं.

पडताना मी कापसाचा ट्रे बरोबर घेतला. पिल्लू उडी मारून टेबलाखाली गेलं. घोडेवाला म्हणाला, "पहले इसको सुई लगाव." गडबड ऐकून काका फाटकातून धावत आत आले. पिल्लू दोन कंपाउंडरांना दाद देत नव्हतं. पण काका दिसताच ते आपण होऊन त्यांच्या कुशीत शिरलं.

"छान! असंच धरून ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टोचलं.

तोवर मी शुद्धीवर आलो होतो. पिल्लू केकाटलं आणि त्यानं वर काकांच्या तोंडाकडे पाहिलं. काकांनी मान फिरवली.

"एखादा दिवस मलूल राहील," डॉक्टर म्हणाले, "थोडा ताप येईल, टोचल्या जागी गाठ येईल. लसीनं असं होतंच." हेच वाक्य काकांनी जन्मभर आयांना ऐकवलं होतं. आता त्यांनीच तीनदा विचारलं, "होतंच म्हणजे किती?"

घरी येताच पिल्लू कॉटखाली गेलं ते भिंतीला चिकटून बसलं. दूध नको, पाव नको. काकांनी हाक मारली की ते आणखी आत सरके. शेवटी, घरात देवी आल्या की करतात तसं, काका कुठून तरी निंबाचा डहाळा घेऊन आले आणि त्यांनी तो दाराला बांधला. मग शेजारच्या सुशीलावहिनींकडे जाऊन म्हणाले, "आज फोडणी देऊ नका. तळणही नको."

वहिनींच्या हातात हळद-मीठ लावलेले बांगडे होते. "काका, माझ्या पोराला टोचलंत तेव्हा मी निंब लावला होता. तुम्ही तो गॅलरीतून खाली फेकलात. वेडगळपणा म्हणालात."

"आहेच वेडगळपणा," काका म्हणाले. "पण आज फोडणी नको."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्टोव्ह विझवला. त्या संध्याकाळी आमच्या मजल्यानं दहीभात खाल्ला. माझ्यामुळे हे झालंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पानावर बसल्यावर मला ते ऐकवण्यातही आलं.

जेवण होताच मी काकांच्या उंबऱ्याशी जाऊन माफी मागितली. मला वाटलं, शिव्या खाव्या लागतील.

"तुझी काय चूक?" ते म्हणाले. "पिंपातून काढलेला माणूस मीच धरायला नेला." मग म्हणाले, "ताप उतरेल रे उद्या. त्याची मला काळजी नाही. ते माझ्याकडे बघत नाहीय, बाळ्या. नोकरीत असताना मी खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचो. एकाही पोरानं कधी हातातून घेतली नाही. जमिनीवर ठेवून मी मागं सरलो, की उचलून पळायची."

त्या गोळ्या मीही उचलल्या होत्या. मी उंबऱ्यावरूनच परत आलो.

रविवारी सकाळी सभा होती. मी धुतलेला सदरा घालून निघालो आणि जाताजाता काकांच्या दारात डोकावलो. काका जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. हात मांडीवर उघडा टाकलेला. पिल्लू कॉटखालून अर्धं बाहेर आलं होतं.

"हलू नको," काका पुटपुटले.

पिल्लू एक पाय उचलून धरत, लंगडत पुढे आलं. काकांचा हात त्यानं नीट हुंगला. टोचताना धरून ठेवणारा हाच हात, हे त्याला बरोबर कळलं होतं. जरा मागं सरलं. मग पुन्हा पुढे आलं आणि हनुवटी त्या तळव्यावर टेकवून त्यानं डोळे मिटले.

दुसरा हात हलवला तर पिल्लू बिचकेल, म्हणून काकांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"परत आलं रे," ते म्हणाले. "सगळं कळून परत आलं."

या चाळीत जन्मलो, वाढलो, पण या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. एवढी वर्षं मी जे काही बोललो ते उंबऱ्याबाहेरून, पळायची वाट मोकळी ठेवून. खालून मित्रांनी हाक मारली, "बाळ्या, उतर लवकर, सभा सुरू होईल!"

मी गॅलरीतून हातानं त्यांना पुढे व्हायला सांगितलं. मग चपला काढल्या आणि आत जाऊन काकांच्या शेजारी बसलो.