पार्श्वभूमीतील आवाज

निवृत्त ग्रंथपालांना कमी ऐकू येतं हे इमारतीत सर्वांना माहीत होतं, कारण त्यांची बायको त्यांच्याशी जे बोलत असे ते इमारतीत सर्वांना ऐकू जात असे. चहा गार होतोय, विम्याचा हप्ता राहिलाय, बनियन उलटं घातलंय, या विषयांवर वरखालच्या मजल्यांना वेगळी चौकशी करावी लागत नसे.

बाई टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. अख्खी नोकरी त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवली. कोणाचं लग्न मोडतंय, कोणाची बदली कोणी अडवली, सगळं कानावर पडे. पण ते घरी आणायचं नाही असा खात्याचा नियम होता, आणि बाईंनी तो नवऱ्यापाशीसुद्धा मोडला नव्हता. ग्रंथपालांची नोकरी शांतता राखण्याची. संध्याकाळी घरी आल्यावर एकीला बोलायचं असे आणि दुसऱ्याला ऐकण्याचा सराव नसे. अशा सोयीच्या वाटणीवर संसार छान झाला.

मग परगावी राहणारी लेक कानाचं मशीन घेऊन आली. ती म्हणाली, हे साधं मशीन नाही, हे शिकतं. बाबांना काय ऐकायला आवडतं ते ओळखून तेवढंच स्वच्छ ऐकवतं. बाबांचा फोन जुना म्हणून तिने ते आधी स्वतःच्या फोनवर नोंदवलं, जिथे जिथे ‘मान्य’ असं आलं तिथे तिथे बोट टेकवलं, बाबांना जाता जाता नवा फोन घेऊन मशीन त्याला जोडून दिलं आणि गाडी पकडून निघून गेली.

सुरुवातीचे दिवस सणासारखे गेले. ग्रंथपालांना पान उलटल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी तेच पान पुन्हा पुन्हा उलटलं. बाई हळू आवाजात बोलू लागल्या. त्यांची तब्येत बरी नाही की काय, अशी शंका खालच्या मजल्यावरून व्यक्त झाली.

आठवडा उलटला आणि एका सकाळी ग्रंथपालांनी बायकोला विचारलं, “अगं, तू काल रात्रीपासून नुसते ओठ का हलवतेयस?”

दोघं दुकानात गेले. तिथल्या तंत्रज्ञाने मशीन पडद्याला जोडून पाहिलं आणि ते उत्तम स्थितीत असल्याबद्दल अभिनंदन केलं. वापरणारा माणूस ज्या आवाजाला सहसा दाद देत नाही, तो आवाज मशीन निरुपयोगी ठरवून गाळतं, असं त्याने समजावलं. बाईंचा आवाज ‘पार्श्वभूमी’ या वर्गात गेला होता. वर्गवारी पडद्यावर दिसतच होती: स्वयंपाकघरातला पंखा, बाई, पाण्याचा पंप.

अख्खा संसार करून जे बाईंना नक्की कळलं नव्हतं, ते मशीनला आठवड्यात कळलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला तंत्रज्ञाचा शब्द न् शब्द ऐकू आला होता आणि तो छताचं निरीक्षण करत होता.

वर्ग बदलण्याचा अर्ज मालकाने करायचा असतो. मालक लेक होती, वडील ‘वापरकर्ता’ होते, आणि आई कागदोपत्री ‘परिसर’ होती. लेकीने तातडीने अर्ज केला. परिसराला ‘ओळखीचा आवाज’ म्हणून बढती मंजूर झाली, मात्र परिसराने आधी संमती द्यावी, अशी अट आली. बाईंनी संमतीचा मजकूर संपूर्ण वाचला. कंपनीच्या इतिहासात बहुधा हे प्रथमच घडत होतं. बाई आजवर जे बोलल्या आणि यापुढे जे बोलतील ते सर्व, आवाजासकट, कंपनीला कुठेही वापरायला मिळणार होतं.

बाईंनी लेकीला फोन लावला. “मी दुसऱ्याचं बोलणं कधी बाहेर काढलं नाही. आता स्वतःचं काढून देऊ?”

“सगळेच देतात गं आई. तिकडे तुझं कोण ऐकत बसणार आहे?”

“इकडेही कोणी ऐकत नाही, तेच तर सांगतेय.”

मग बाईंनी कंपनीच्या तक्रार विभागाला फोन केला. यंत्राने तक्रार सांगायला सांगितली, बाईंनी ती सविस्तर सांगितली. यंत्र म्हणालं, आपल्या बाजूने फक्त पार्श्वभूमीतील आवाज येत आहे, कृपया शांत ठिकाणी जाऊन बोला.

मशीन काढून ठेवा, असं त्यांनी नवऱ्याला चिठ्ठी लिहून सुचवलं. ग्रंथपाल कळवळून म्हणाले की त्यांना आता पाखरं ऐकू येतात, लेकीचा फोन ऐकू येतो, मित्रांचे विनोद कळतात. पुन्हा त्या भिंतीआड जायला लावू नकोस. बाईंना त्यांची दया आली. त्यामुळे पुढचं सगळं घडलं.

एका दुपारी ओट्याशी उभ्या असताना त्या स्वतःशीच म्हणाल्या की आज गुडघा फार दुखतोय. संध्याकाळी ग्रंथपालांच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांची जाहिरात आली. त्यांनी ती बायकोला कौतुकाने दाखवली. बाई विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याशेजारी बसून त्या स्पष्ट उच्चारात म्हणाल्या, “मला उंट घ्यायचाय.” नवरा पेपर वाचत राहिला. जेवणं होईपर्यंत वाळवंटाच्या सहली सवलतीत आल्या.

म्हणजे फोन लागत होता, फक्त दुसऱ्याच नंबरला. अशी चूक बाईंच्या हातून नोकरीत झाली असती तर चौकशी बसली असती. त्या दिवसापासून त्या घरात बोलेनाशा झाल्या.

पुढच्याच आठवड्यात न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. उठता येईना. “अहो, ऐकलंत का?” त्यांनी हाक मारली, मग ओरडून मारली. बाहेर ग्रंथपाल खिडकीतल्या कबुतराचं घुमणं तल्लीन होऊन ऐकत होते. खालच्या मजल्यावर हाक पोचली. बाईंना पुन्हा बरं वाटू लागलेलं दिसतंय, म्हणून तिथे समाधान व्यक्त झालं.

एवढ्यात ग्रंथपालांच्या फोनवर न घसरणाऱ्या फरशीची जाहिरात आली. त्यांनी ती पुसून टाकली. मग हाडांच्या दवाखान्याची आली. तीही पुसली. तिसरी जाहिरात ज्येष्ठ नागरिकांना नवा जोडीदार शोधून देणाऱ्या संस्थेची होती. ही आपल्याला का आली हे बायकोला विचारावं म्हणून ते उठले, आणि आत गेल्यावर त्यांना बाई न्हाणीघरात पडलेल्या दिसल्या. आपण बाहेर बसून काय ऐकत होतो, हे त्यांना डॉक्टरांना सांगवेना.

बाई प्लास्टर घालून घरी आल्यावर कंपनीचा प्रतिनिधी पुष्पगुच्छ घेऊन आला. मशीनमुळे प्राण वाचल्याची ही पहिलीच नोंद असून कंपनी भारावली आहे, असं तो म्हणाला. बाईंची हाक इतकी सुस्पष्ट होती की मशीनची बॅटरी उतरली की तीच ऐकवायचं ठरलं होतं. यापुढे असंख्य परक्या पुरुषांच्या कानात बाई “अहो, ऐकलंत का?” असं म्हणणार होत्या.

“मी संमती दिलेली नाही,” बाई म्हणाल्या.

“संकटात मारलेली हाक ही संमतीच समजली जाते,” प्रतिनिधी अदबीने म्हणाला. शिवाय बाईंना आजपासून विनाअट ‘ओळखीचा आवाज’ केल्याचं त्याने जाहीर केलं आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

तो गेल्यावर ग्रंथपाल पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले आणि वाट पाहू लागले. आता त्यांना सगळं ऐकू येणार होतं. पण त्यांच्या कानाकडे बघून बाई तोंड उघडेनात. शेवटी ते उठले, मशीन काढून स्वयंपाकघरात डब्यात घातलं, डब्यावर उशी ठेवली, आणि परत येऊन कानामागे हात धरून तिच्या तोंडापाशी वाकले.

“बोल,” ते म्हणाले. “जोरात बोल.”

बाई जे बोलल्या ते तिन्ही मजल्यांनी ऐकलं. ते इथे देण्याचं कारण नाही.

त्यानंतर शेजारीपाजारी भेटायला येऊ लागले. बाई प्रत्येकाला ही हकिगत पहिल्यापासून सांगत. ऐकणारे हळहळत, कंपन्यांना शिव्या घालत, आपल्याला कोणी विचारतच नाही म्हणत. मग उठता उठता बायका विचारत, हे मशीन उलटं लावता येतं का, म्हणजे नवऱ्याला फक्त आपलंच ऐकू येईल असं? पुरुष जिन्यात ग्रंथपालांना गाठून विचारत, ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनाही ते मिळतं का, आणि कुठे?

पाय कसा आहे, हे बाईंना अजून कोणीही विचारलेलं नाही. तुमच्याही ते लक्षात आलं नसेल.