तुटक रेघ

बारा आठवड्यांच्या उमेदवारीपूर्व वर्गात जागा मिळाल्याचं पत्र लेकीला आलं, तेव्हा सुतार जेवत होता. तिनं ते दोनदा वाचून दाखवलं. मोजमाप, नकाशा वाचणं, हत्यारं जपून वापरणं, थोडं गणित. हे पुरं केलं की मोठ्या फर्निचर कारखान्यात उमेदवारी आणि जोडीला पदविकेचा अभ्यास.

“म्हणजे शिकायला जायच्या आधी शिकायचं,” सुतार म्हणाला. “आणि घरात तीस वर्षांचा अनुभव बसलाय, तो काय शोभेला?”

“बाबा, तिथे कागदावरचं शिकवतात.”

“लाकूड काय कागदावर कापतात?”

बायको हसली. लेक हसली नाही. प्रवेशाची तारीख निघून गेली आणि ती बापाच्या हाताखाली रंधा मारू लागली. समोरच्या घरातली तिची चष्मेवाली मैत्रीण मात्र त्याच वर्गाला गेली, आणि तो संपताच एका प्लंबरकडे उमेदवारीला लागलीसुद्धा.

पुढे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या कपाटाचं काम दिलं आणि सोबत छापील नकाशा. सुताराची कामं आजवर टेप, वीत आणि अंदाज यांवर निभावली होती. त्यानं नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि इतक्या जाणतेपणानं ‘हं’ म्हटलं की बाईंना धीर आला.

लेकीनं कागदावर बोट ठेवलं. “बाबा, ही तुटक रेघ कसली?”

“छापताना शाई कमी पडली असेल.”

“बाईंना विचारू या का?”

“आणि काय सांगू, तीस वर्षं झाली पण रेघ कळत नाही? कपाट धर.”

कपाट बसलं, अगदी ओळंब्यात बसलं. आता शेजारी फळीसाठी दोन भोकं पाडायची राहिली. खुर्चीत एक आजोबा आ करून बसले होते, म्हणून बाई म्हणाल्या, “जरा थांबता का?”

“दोन मिनिटांचं काम आहे,” म्हणून सुतारानं ड्रिल लावलं.

पहिलं भोक झकास पडलं. दुसऱ्यातून पाण्याची धार निघाली आणि थेट आजोबांच्या टकलावर गेली. सुतारानं भोकात अंगठा खुपसला. धार थांबली, पण आता सुतारही तिथून हलू शकेना.

“मेन व्हॉल्व्ह बंद कर,” तो लेकीला म्हणाला.

व्हॉल्व्ह भिंतीतल्या झाकणामागे होता, आणि नकाशातही दाखवला होता. वर्तुळ काढून त्यात फुली मारली होती. सुतारानं ती खिळ्याची खूण समजून बरोब्बर त्यावरच कपाट ठोकलं होतं.

बाईंनी प्लंबरला फोन केला. प्लंबर दुसऱ्या कामात होता, त्यानं चष्मेवालीला पाठवलं. तिनं नकाशावर एक नजर टाकली. “काका, तुटक रेघ म्हणजे भिंतीच्या आतला पाइप. पहिल्याच आठवड्यात शिकवतात.” मग दोघी मैत्रिणींनी कपाट उतरवलं आणि पाणी बंद केलं. आजोबांची जीभ बधिर होती, म्हणून त्यांचं मत कळलं नाही.

“हे झालं कसं?” बाईंनी विचारलं.

सुताराच्या तोंडून निघून गेलं, “पोरगी नवीन आहे. शिकतेय अजून.”

लेकीनं बापाकडे एकदा पाहिलं आणि खाली वाकून फडकं पिळलं. घरी बायकोनं विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला. एकदा बोललेलं गिळता येईना.

त्यानंतर त्यानं तिला बाहेरच्या कामाला नेलं नाही. ती शेडमध्ये मुकाट्यानं पॉलिश पेपर घासायची. तिची ती खाली घातलेली मान बघून त्याला घास गोड लागेना.

सहा महिन्यांनी पुढच्या तुकडीचे अर्ज निघाले, तेव्हा तो स्वतः जाऊन अर्ज घेऊन आला. अर्जात एक रकाना होता: बाहेर काम केलं असल्यास त्या जागेच्या मालकाची सही. तिचं बाहेरचं काम एकच होतं.

दवाखान्यात तो बराच वेळ अर्जाची घडी उलगडत उभा राहिला. “बाई, त्या दिवशी चूक पोरीची नव्हती. माझी होती.”

“माहीत आहे,” बाई पेन शोधत म्हणाल्या. “ड्रिल तुमच्याच हातात होतं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“ती बोलली नाही, मग मी कशाला बोलू?”

त्यांनी सही केली, आणि रकान्यात ‘फरशी उत्तम पुसली’ असंही लिहिलं.

घरी त्यानं अर्ज लेकीच्या हातात दिला. “बाईंना खरं ते सांगितलं मी.”

तिनं सही वाचून अर्जाची घडी घातली. “एक वर्ष मागे पडले, बाबा,” ती रागानं नाही, सरळच म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, “आणि आईला?”

आतून बायको सांगत होती, “अर्ज नीट बघून भर गं. दवाखान्यात केलास तसला घोळ नको.”

सुतार उठला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. डॉक्टरीणबाईंकडे जाताना पाय इतके जड झाले नव्हते.