कूमच्या गाडीची पुढची चाके

"यंत्रावर चाके जुळवून घेणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांचा अपमान!" असे जाहीर करून झिव्होरादने शनिवारी सकाळी अंगणात, गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर, लोखंडी तिवयांना बांधून दोन दोऱ्या ताणल्या.

कारण तसेच होते. रविवारी त्याच्या धर्मपुत्राचे, ल्युबिशाचे लग्न. झिव्होराद त्याचा कूम, म्हणजे लग्नातला पहिला मानकरी. आणि सर्बियातल्या शुमादिया भागात वरातीच्या अग्रभागी कूमचीच गाडी असते. परंतु शेजारचा रादिसाव भर चौकात म्हणाला होता, "कूम, तुझी म्हातारी झिंगत चालते. रविवारी माझी नवी गाडी पुढे राहू दे!"

म्हातारीच्या पुढच्या प्रत्येक चाकाचा दांडा वेगळा फिरवून ते चाक हवे तसे बसवता येत असे. दोरीपासून चाकाच्या पुढच्या नि मागच्या कडेपर्यंतचे अंतर सारखे आले, की चाक सरळ! उजवे चाक निर्दोष निघाले. तेवढ्यात फाटकाशी निमंत्रणाची सजवलेली सुरई घेऊन वरपिता आला, आणि त्या सुरईतली राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, नाकारण्याइतका उद्धटपणा झिव्होरादच्या अंगी नव्हता.

तो परतला तेव्हा डाव्या दोरीवर तांबड्या मिरच्यांच्या सात माळा वाळत होत्या.

"सासूबाई! ही मोजमापाची दोरी आहे!"

"मग मी काय गाढव बांधलंय का तिला?" विदोसावाबाई माळा उतरवीत करवादल्या. "चांगली ताणलेली दिसली, वापरली!"

माळांना गाडीचे तेल लागू नये म्हणून पुढची तिवई आपण चार बोटे बाहेर सरकवली होती, हे सांगण्याचे त्यांना कारण वाटले नाही. झिव्होरादने पट्टी लावली आणि तो आनंदाने ओरडला, "अर्ध्या बोटाचा फरक! वीस वर्षं मी वाकडा चालत होतो!" तासाभरात डावे चाक दोरीशी तंतोतंत जुळले. गावातला एकही रस्ता सरळ नसल्यामुळे वराच्या दारापर्यंत काहीच उघडकीस आले नाही.

रविवारी चौदा गाड्या निघाल्या. वधूचे गाव नाकासमोर होते. झिव्होरादने स्टिअरिंग अगदी सरळ धरले आणि गाडी फाट्यावरून डावीकडे डोंगरात शिरली!

"कूम, उजवीकडे वळवा!" शेजारी बसलेला ल्युबिशा किंचाळला.

"का म्हणून? हे बघ, स्टिअरिंग सरळ आहे!"

"स्टिअरिंग असेल हो! गाडी कुठाय?"

"गाडी मोजून बसवलीय, पोरा. चूक रस्त्याची आहे!"

मागे तेरा भोंगे बोंबलत होते. पण कूमला ओलांडणे अशुभ आणि वरातीने माघारी फिरणे त्याहून अशुभ. तेव्हा बँडवाल्यांसह सारे वऱ्हाड मेंढ्यांच्या कुरणातून, दोन ओढ्यांतून आणि एका संतप्त मधपाळाच्या पेट्यांमधून निमूट मागोमाग आले. डोंगराला वळसा घालून दोन तासांनी ते वधूच्या घराच्या मागच्या दाराशी, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून, उभे राहिले. पाद्री जांभया देत होता. वधू हसून हसून रडत होती.

"पण पुढे कोण होतं?" झिव्होरादने छाती फुगवून विचारले. "कूमच ना?"

"होय बाबा, तूच!" रादिसावने टायरमधला काटा उपटीत कबूल केले.

लग्न झाले. वरात आल्या वाटेने परतत नाही, हा नियम वडीलधाऱ्यांनी गंभीरपणे सांगितला. आता उरला होता तो एकच रस्ता, नाकासमोरचा, सरळ. सगळे झिव्होरादकडे पाहू लागले. त्याने क्षणभर आभाळ न्याहाळले, घसा खाकरला, आणि रादिसावच्या नव्या गाडीचे मागचे दार उघडून आत बसला.